हर्षा बाळ कोणीकडे धरते

"तुझ्या आईनं तुले कोणीकडे धरलं होतं वं? डावीकडे का उजवीकडे?"

हर्षाने फोनवर पहिलं हेच विचारलं. मला वाटलं, गंमत करते आहे. मी म्हटलं, "डोक्यावर."

ती हसली नाही. एरवी याहून वाईट विनोदांवर ती हसते. मी पुस्तक मिटलं आणि उठून बसले.

हर्षा आणि मी नंदनवन वस्तीतल्या मुलींच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो. मी मराठीत एम. ए. करत होते, ती लॅब टेक्निशियनचा कोर्स. ती उमरेडची. तिचे वडील हातमागावर बसायचे. माग बंद पडला तेव्हा त्यांनी त्याच खोलीत पिठाची चक्की टाकली. "आधी घरात धागा उडायचा, आता पीठ उडते," ती सांगायची, "आई म्हणते, झाडू तोच आहे." ती न्हाणीघरात शीळ वाजवायची. वॉर्डन ओरडली की म्हणायची, "मॅडम, पाइपातून आवाज येऊन राहिला." माझ्या अभ्यासाची पुस्तकं ती झोपण्यापूर्वी चाळायची आणि परत फेकायची. "एवढे लोक मरतात तुमच्या पुस्तकात, एकाचाही रिपोर्ट कोणी काढत नाही."

नोकरी लागली तेव्हा लॅबमध्ये लहान मुलांचं रक्त घ्यायला तिलाच बोलवायचे. पोर रडायला तोंड उघडेपर्यंत सुई बाहेर. मग ती पोराला सांगायची, "आता रड बापा, आता हरकत नाही."

अशी ती. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ती अशी दिसणार नाही.

लग्न भूपेशशी झालं. त्यांचंही घर मूळ विणकरांचं. आजोबा माग चालवत. आता साड्यांचं मोठं दुकान आहे आणि शहराबाहेर बेसा वस्तीत दोन मजली घर. दुकानाच्या पाटीवर मागाचं चित्र आहे. आत सुरतेचा यंत्रावरचा माल आहे, त्यावर 'हातमाग' अशी चिठ्ठी. हर्षाने पहिल्याच भेटीत काठाची मागची बाजू पाहिली आणि ओळखलं. मला सांगितलं, त्यांना नाही.

"बोलली काहून नाहीस?"

"नवी नवरी आहो न वं मी. थोडे दिवस चूप राहून पाहते. कसं लागते ते."

ते थोडे दिवस लांबत गेले.

दुकानात गल्ल्यावर तिची सासू बसते, कुसुमताई. बाई हुशार आहे. गिऱ्हाइकाने साडी अंगाला लावली की त्या रस्त्यापलीकडून सांगतील, पदर उलटा धरलाय. लग्नाच्या बस्त्याला लोक त्यांना मुद्दाम बोलावतात. हर्षाशी त्या वाईट वागत नव्हत्या. गोड बोलायच्या. बाळंतपणही त्यांनी हौसेने घरीच केलं, उमरेडला पाठवलं नाही. "तिथं पीठ उडते," त्या म्हणाल्या.

मुलगी झाली. बारशाला मी गेले होते.

त्या घरातला वास अजून माझ्या नाकात आहे. खिडक्या बंद. धुरी, तूप, डिंक, ओल्या दुपट्यांचा कुबट वास, आणि वीस-पंचवीस बायकांची अत्तरं. हर्षा हिरव्या साडीत कॉटवर बसली होती. चेहरा पिठासारखा. येणारी प्रत्येक बाई तिच्या छातीकडे पाहून विचारायची, "दूध येते न?" एकीने तर पदर बाजूला करून पाहिलं. भाजी ताजी आहे का पाहावी तसं. हर्षाने पदर ओढून घेतला. बाई हसली. "लाजतं कायले वं? बायकाच तं आहोत."

तिचा दीर विक्की खर्रा चघळत फिरत होता. तंबाखू-सुपारीने भरलेला गाल. त्याच तोंडाने त्याने बाळाचा पापा घेतला. बाळाच्या गालावर तपकिरी थेंब राहिला. हर्षाने तो पदराच्या टोकाने पुसला, परत पुसला, मग थुंकी लावून पुसला. विक्कीला काही कळलं नाही. तो मोबाइल हातभर लांब धरून सगळ्यांना एका फोटोत घेत होता. "वहिनी, इकडे पाय. आई, सरक न थोडी."

मी तेव्हाच जेवण न करता निघाले. 

आणि आता हा फोन.

"कोणीकडे धरलं होतं म्हणजे?" मी विचारलं.

तिने सांगितलं. घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. पांढरा कोट घातलेला एक माणूस, मागे बासरीची धून. तो म्हणतो, आई बाळाला नेहमी डाव्या हातावर, हृदयापाशी धरते. जी आई उजवीकडे धरते तिच्या मनात बाळ नसतं. हे विज्ञान आहे. अशा आईपासून बाळाला जपा. व्हिडिओ पुढे पाठवा.

कुसुमताईंनी तो पाहिला आणि बारशाचे फोटो उघडून पाहिले. प्रत्येक फोटोत हर्षा बाळाला उजवीकडे धरून होती.

"मले तं वाटते मी डावीकडेच धरते," हर्षा म्हणाली. "पण फोटोत उजवीकडे आहे वं. मी स्वतः पाहिलं."

"मग असेल. त्याने काय होतं?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "मी आईले एक बोलून बसली."

झालं होतं असं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती रडत होती. तेव्हा ती रोज संध्याकाळी रडायची. झोप नव्हती. टाके दुखत होते. सासूने पाठीवरून हात फिरवला आणि गोड आवाजात विचारलं, काय होते बेटा? आणि हर्षाने विश्वासाने सांगितलं, "मले काही वाटूनच नाही राहिलं आई. पोट्टी रडते, मी पाहत राहते." हे ती डॉक्टरला सांगणार होती. आधी सासूला सांगितलं.

त्या वाक्याला आता फोटोंची जोड मिळाली. काटोलला नणंद असते, मयुरा. ग्रुपवर तिने लिहिलं, मी तर तेव्हाच म्हटलं होतं. काय म्हटलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

त्यानंतर बायका येऊ लागल्या. शेजारच्या, नात्यातल्या. त्या बाळाला कॉटवरून उचलायच्या, हर्षाच्या हातात द्यायच्या आणि पाहत बसायच्या. चहा प्यायच्या, पाहायच्या. बाळ डावीकडे गेलं तर म्हणायच्या, "आता मुद्दाम धरून राहिली." उजवीकडे गेलं तर काहीच म्हणायच्या नाहीत. एकमेकींकडे पाहायच्या.

मी त्या रात्री जे मिळेल ते वाचलं. व्हिडिओतलं पहिलं वाक्य जवळपास खरं होतं, हेच संतापजनक. जगभर बहुतेक आया बाळाला डावीकडे धरतात. डावखुऱ्या आयासुद्धा. कोणी म्हणतं, हृदयाचे ठोके ऐकू जातात म्हणून. कोणी म्हणतं, डाव्या बाजूचा चेहरा मेंदूचा उजवा भाग वाचतो आणि भावना ओळखण्यात तो पुढे असतो, म्हणून. एकमत नाही. काही अभ्यासांत फार ताणाखाली असलेल्या आयांमध्ये उजवीकडे धरणाऱ्या थोड्या जास्त दिसल्या. थोड्या. तिथे कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की बाळ काढून घ्या. लिहिलंच असेल तर एवढंच, की त्या आईला कोणीतरी मदत करा.

आणि खूप आया उजवीकडे धरतात. त्यांची बाळं वाढतात, शाळेत जातात, आईशी भांडतात.

आपली भाषाही विचित्र आहे. मूल झालं की कूस उजवली म्हणतो. मुलीचं लग्न केलं की ती उजवली. नको त्याला डावलतो. सगळं चांगलं उजवीकडे ठेवलेल्या भाषेत हर्षा उजव्या बाजूमुळे वाईट आई ठरत होती. हे मला फार हुशारीचं वाटलं आणि मी ते तिला फोन करून सांगितलं.

"रविवारी मयुराताई येऊन राहिली," ती म्हणाली. "पोट्टीले काटोलले नेणार आहे. माझं मन ठिकाणावर येतपर्यंत."

"आणि दूध?"

"डबा घेतला म्हणे."

"भूपेश काय म्हणतो?"

"तो म्हणते, आई म्हणते तं काही विचार करूनच म्हणत असन."

 दोन महिन्यांचं अंगावर पिणारं मूल. त्याला आईपासून तोडणार. का, तर मोबाइलमध्ये बासरी वाजली.

"ऋतुजा," ती म्हणाली, "मले आता कळतच नाही वं मी कोणीकडे धरते. उचलायले गेली का हात थांबतात. आधी हात पाहते. तेवढ्यात ते रडते. खरं सांग, माझ्या मनात नसन का?"

रक्त घेताना जिचा हात कधी कापला नाही ती हे विचारत होती.

रविवारी मी बेशाला गेले.

मयुरा आलेली होती. बैठकीत टेबलावर तिची पिशवी, पिशवीत दुधाच्या पावडरचा डबा, शेजारी संत्रा बर्फीचं खोकं. सगळे बर्फी खात होते. भूपेश, विक्की, मयुरा, कुसुमताई. आत खोलीत हर्षा बाळाला पाजत होती. पाजून झालं की निघायचं होतं. म्हणजे आईच्या अंगावरचं शेवटचं दूध पिऊन होईपर्यंत हे बर्फी खात थांबले होते. मला शिसारी आली. मयुराने खोकं पुढे केलं. मी मान हलवली.

"घे न वं. आमच्या काटोलचा संत्रा आहे."

हर्षा बाहेर आली. बाळ खांद्यावर. डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बरं झालं आली तू," कुसुमताई मला म्हणाल्या. "तू शिकलेली आहे. हिले वाटते आम्ही दुष्ट आहोत. आता तूच पाय आणि सांग."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेवर बर्फीचा नारिंगी लगदा लागला होता. त्या बोटाने फोटो सरकवत होत्या आणि लगदा पसरत होता. त्याच्याखाली हर्षाचा चेहरा. "हे पाय. उजवीकडे. हे पाय. उजवीकडे. एक तरी डावीकडचा दाखव."

मी पाहत होते. खरोखर सगळ्यांत उजवीकडे. हिरवी साडी, बाळ, मागे भिंतीवरचं कॅलेंडर पुसट. मला त्या लगद्याकडे पाहवेना म्हणून मी वर, फोटोतल्या हर्षाच्या खांद्याकडे पाहिलं.

पदर उजव्या खांद्यावर होता.

शेजारी कुसुमताई उभ्या होत्या. त्यांचाही पदर उजव्या खांद्यावर. मागे बायकांची रांग. सगळ्यांचे पदर उजवीकडे.

"कुसुमताई," मी म्हटलं, "तुमच्या घरी पदर कोणत्या खांद्यावर घेतात?"

"कोणत्या म्हणजे? डाव्या."

"मग इथे?"

"सीधा पल्ला मारवाड्याकडे घेतात, उजव्या खांद्यावर. आमच्याकडे..." त्या थांबल्या. फोटो मोठा केला. डोळे बारीक केले. स्वतःचा पदर पाहिला, मग अंगावरचा चाचपला.

विक्की वाकून पाहू लागला. मग खर्ऱ्याच्या तोंडाने खो खो हसला. "अरे, सेल्फी आहे न थो! समोरचा कॅमेरा. आरशासारखं उलटं येते त्याच्यात."

"तुले माहीत होतं?" भूपेशने विचारलं.

"मले काय माहीत बे, तुम्ही त्याच्यात काय पाहून राहिले ते!"

  हयात पदर पाहण्यात गेलेली बाई. त्या फोटोंवर ती किती दिवस बोट फिरवत होती. तिला स्वतःचा पदर दिसला नव्हता.

"असं होय," कुसुमताई म्हणाल्या. "मंग ठीक आहे बापा. राहू दे पोट्टी इथंच." आणि त्यांनी बर्फीचा आणखी एक तुकडा उचलला.

"मंग ह्या डब्याचं काय करू?" मयुरा म्हणाली. "फोडला न मी त्याले."

एवढंच. माफी नाही, लाज नाही. बस चुकली आणि दुसरी मिळाली, असे चेहरे. विक्की अजून हसत होता. मीही क्षणभर खूश झाले होते. मग माझ्याच खुशीची मला किळस आली. आम्ही परीक्षा पास झालो होतो. पण कोणाची परीक्षा? त्या बासरीवाल्याची.

भूपेश उठला, हर्षाजवळ गेला. "झालं न आता? सिद्ध झालं. हस थोडी."

"काय सिद्ध झालं?" हर्षाने विचारलं.

"हेच. का तू डावीकडे धरते."

"आणि फोटो सुलटा असता तं?"

"आता कायले उकरून राहिली? नाही न सुलटा."

"असता तं, भूपेश? मी खरंच उजवीकडे धरत असती तं? दिली असती तू पोट्टी?"

सासूसमोर ती त्याला नेहमी 'तुम्ही' म्हणायची. आज 'तू' म्हणाली. कुसुमताईंनी चघळणं थांबवलं.

भूपेशने मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवला. "आई, सांग न हिले काही."

"आईले नाही विचारलं मी. तू कोणीकडे धरतं?"

"काय?"

"पोट्टीले. तू कोणीकडे धरतं? डावीकडे का उजवीकडे?"

तो हसायला गेला. कोणी हसलं नाही. मी बारशाचे फोटो आठवू लागले. तो प्रत्येक फोटोत होता. कडेला, नव्या कुर्त्यात. बाळ त्याच्या हातात एकाही फोटोत नव्हतं.

"मान नाही बसली अजून तिची," तो म्हणाला. "पडन. मले भीती वाटते."

"धर," हर्षा म्हणाली.

त्याने हात पुढे केले. दोन्ही तळवे वर, सपाट, एकमेकांपासून लांब. दुकानात घडी केलेली साडी घ्यायला पुढे करतात तसे. बाळाचं डोकं कुठे ठेवायचं त्याला माहीत नव्हतं. दोन महिने झाले होते. कोपर कुठे वाकवायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो तसाच उभा राहिला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"पुरुषाले कायले देतं वं?" कुसुमताई म्हणाल्या. "तो का बाई आहे?"

विक्कीने मोबाइल उचलला होता. तो हे शूट करत होता. मी त्याचा हात खाली दाबला. त्याच्या बोटांना सुपारीचा चिकटा होता. तो माझ्या तळहाताला लागला.

हर्षाने बाळ दिलं नाही. त्याच्या हातांकडे ती थोडा वेळ पाहत राहिली, मग आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी रिक्षा बोलावली.

दारात कुसुमताई आडव्या आल्या नाहीत. बाजूला उभ्या राहिल्या. शेजारची बाई जिन्यात आली होती, तिला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "पाहिलं? एवढ्याशा गोष्टीवरून लेकरू उचललं अन् निघाली. मी काय म्हणत होती? मनच नाही तिचं घरात."

रिक्षात मी तळहात ओढणीला पुसत राहिले. तो वास जाईना.

हर्षा तेव्हापासून उमरेडला आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिने डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ती बाळ कोणीकडे धरते हे विचारलं नाही. झोप किती होते, जेवतेस का, जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं. गोळ्या दिल्या. आता संध्याकाळी ती रडत नाही, किंवा रोज रडत नाही. थोड्या दिवसांनी तिथल्याच एका लॅबमध्ये जाणार आहे. तोवर चक्कीवर बसते.

भूपेश रविवारी येतो. मांडीवर उशी, उशीवर बाळ, असं घेऊन कॉटवर अर्धा तास बसतो. परत चल म्हणतो. ती म्हणते, माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तो म्हणतो, कोणता प्रश्न? खरंच त्याला आठवत नसावा. बेशाला सगळ्यांना माहीत झालं आहे की सून लेकरू घेऊन पळाली. सेल्फी, पदर, हे कोणी सांगत नाही. तो व्हिडिओ मात्र अजून फिरतो. गेल्या आठवड्यात तो माझ्या मावशीने मला पाठवला. खाली हात जोडलेले.

परवा मी उमरेडला गेले. चक्की बंद होती. हर्षा मला तिच्या वडिलांच्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होती. आपलंच पीठ मिळालं का हे तो रोज चाखून पाहतो. मी हसून बेजार झाले. पाळण्यात बाळ रडलं.

ती पळत गेली, वाकली आणि थांबली.

दोन्ही हात पुढे होते. ती बाळाकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती. आधी एका, मग दुसऱ्या. बाळ जोरजोरात रडत होतं. मग तिने त्याला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"दिसलं न तुले?" तिने विचारलं.

"हो."

"रोज होते. बाकी सगळं बरं आहे. हे नाही गेलं."

"जाईल," मी म्हटलं.

"कोणाले माहीत," ती म्हणाली आणि पोरीचं नाक पुसू लागली.